घराण्यातच कोलेस्टेरॉल आहे, मग तेल बदलून काय होणार?

पत्राचा सारांश: मूळच्या मालवणकडच्या, आता डोंबिवलीत राहणाऱ्या ४३ वर्षांच्या एका शिक्षिकेचं हे पत्र आहे. वडील ५१व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. गेल्या वर्षी थोरल्या भावाची अँजिओप्लास्टी झाली, तो ४७ वर्षांचा. म्हणून ताईंनी पहिल्यांदाच लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करून घेतली. एकूण कोलेस्टेरॉल २८१, एलडीएल १९८, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड २०५. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी आणलीय, पण ती कपाटातच आहे. घरात स्वयंपाक खोबरेल तेलात होतो आणि सासूबाईंना दुसरं तेल चालत नाही. यजमान म्हणतात, "तुमच्या घराण्यातच आहे, जीन्समध्ये आहे, उगाच पथ्यं करून काय मिळणार?" भाचा नारळाचे गुण सांगणारे व्हिडिओ पाठवतो. ताईंचा प्रश्न असा: आनुवंशिक असेल तर खाण्याने फरक पडतो का? पडत असेल, तर तेल बदलून गोळी टाळता येईल का? शेवटच्या ओळीत त्यांनी लिहिलंय की मुलगी चौदा वर्षांची आहे आणि तिच्या काळजीने झोप लागत नाही.

प्रिय ताई,

वडील आणि भाऊ या दोघांच्या बाबतीत जे झालं ते पाहिल्यावर स्वतःचा रिपोर्ट हातात घेताना काय वाटलं असेल, याची मला कल्पना आहे. तरी तुम्ही तपासणी करून घेतलीत हे फार चांगलं केलंत. तुमच्या वडिलांना ती संधी मिळाली नव्हती.

तुमच्या घरात तिघांची तीन मतं आहेत, पण यजमान आणि भाचा या दोघांच्या म्हणण्याखाली एकच समजूत आहे असं मला दिसतं. ती अशी, की जनुकं एका बाजूला आणि ताट दुसऱ्या बाजूला. जे जीन्समध्ये आहे ते जन्माला येतानाच ठरलं, त्यावर खाण्याची सत्ता नाही. आणि गोळी घ्यायची असेल तर पथ्य कशाला, पथ्य करायचं तर गोळी कशाला, असा तुमचाही थोडा गोंधळ त्यातूनच झालाय. ही समजूत दूर झाली की पुढचे निर्णय तुम्हाला बरेच सोपे जातील. म्हणून आधी यकृताच्या पेशीत काय चालतं ते जरा सविस्तर सांगते. शाळेत शिकवता, तेव्हा कंटाळणार नाही याची खात्री आहे.

रक्तात कोलेस्टेरॉल एकटं फिरत नाही, ते प्रथिनं आणि चरबी यांच्या बारीक कणांत बसून फिरतं. त्यातला एलडीएल हा कण धमनीच्या भिंतीत शिरून साठतो. रक्तातून हे कण उचलून घेण्याचं मुख्य काम यकृत करतं. यकृताच्या पेशींच्या पृष्ठभागावर त्यासाठी खास रिसेप्टर असतात. एलडीएलचा कण त्याला चिकटतो, पेशी तो आत ओढून घेते, रिसेप्टर बहुतेक वेळा पुन्हा वर येतो आणि पुढचा कण धरतो. रिसेप्टर जास्त, तर रक्तातलं एलडीएल कमी. रिसेप्टर कमी, तर एलडीएल रक्तातच फिरत राहतं. अमेरिकेत डॅलसच्या विद्यापीठात मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७०च्या दशकात हे शोधून काढलं. तुमच्यासारख्याच, पण त्याहून फार गंभीर कुटुंबांचा अभ्यास करताना त्यांना ते उमगलं. १९८५ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

आता खरा मुद्दा. हे रिसेप्टर बनवण्याची माहिती एका जनुकात असते. पण ते जनुक दिवसरात्र एकाच वेगाने काम करत नाही. पेशीला कोलेस्टेरॉल कमी पडतंय की पुरतंय, यावर त्याचा वेग ठरतो. पेशीच्या आतल्या पडद्यात एसआरईबीपी नावाचं एक प्रथिन अडकून बसलेलं असतं. पडद्यातलं कोलेस्टेरॉल पुरेसं असेल तोवर ते तिथेच राहतं. कोलेस्टेरॉल कमी झालं की ते सुटतं, पुढे जातं, दोन ठिकाणी कापलं जातं, आणि त्याचा कापलेला तुकडा थेट पेशीच्या केंद्रकात शिरून रिसेप्टरच्या जनुकाशेजारी डीएनएवर बसतो. मग ते जनुक जोमाने चालू होतं आणि रिसेप्टर वाढतात. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट जसा पाणी उतरलं की नळ उघडतो आणि भरलं की बंद करतो, तसंच.

या फ्लोटवर आपण खाल्लेल्या चरबीचा परिणाम होतो. खोबरेल तेल, तूप, लोणी, पामतेल यांत संपृक्त चरबी भरपूर असते. पाकिटावर तिलाच सॅच्युरेटेड फॅट लिहितात. ही चरबी यकृतात जास्त झाली की पेशीच्या त्या पडद्यात मोकळं कोलेस्टेरॉल जास्त राहतं. फ्लोट वरच राहतो, जनुक मंदावतं, रिसेप्टर घटतात. शेंगदाणा, करडई, तीळ, मोहरी यांच्या तेलातली असंपृक्त चरबी असेल, तर पेशी ते मोकळं कोलेस्टेरॉल बांधून थेंबाच्या रूपात बाजूला ठेवू शकते. पडद्यातलं प्रमाण उतरतं आणि जनुक पुन्हा चालू होतं. या तपशिलाचा बराचसा अभ्यास प्राण्यांवर झालाय हे खरं. पण माणसांतही, १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्त्री-पुरुषांच्या आहारातली संपृक्त चरबी कमी केल्यावर त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर एलडीएल रिसेप्टरांची संख्या वाढलेली आणि एलडीएल उतरलेलं दिसलं.

म्हणजे ताटातली चरबी केवळ पोटात जाऊन जळते किंवा साठते असं नाही. कुठलं जनुक किती चालावं याचा निरोप ती पेशीला देते. जनुक बदलत नाही, पण त्याचं काम बदलतं, आणि तेही रोजच्या रोज.

आता तुमच्या घराण्याकडे येऊ. एलडीएल १९० किंवा त्याच्या वर, वडिलांना पन्नाशीत अटॅक, भावाला पन्नाशीच्या आत अँजिओप्लास्टी, हे चित्र पाहिलं की कुठलाही डॉक्टर फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया या आनुवंशिक विकाराचा विचार करतो. तो दुर्मीळ नाही, साधारण २५० माणसांत एकाला असतो, आणि बहुतेकांना तो आहे हे माहीतच नसतं. तुम्हाला तो आहेच असं मी पत्रावरून म्हणू शकत नाही. पण समजा असला, तर पुढची गोष्ट नीट लक्षात घ्या. या विकारात बहुतेक वेळा रिसेप्टरच्या जनुकात दोष असतो. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. वडिलांकडून दोषी प्रत आली असेल, तरी आईकडून आलेली प्रत सहसा धडधाकट असते. ती प्रत तुमच्या यकृतात आजही काम करतेय. तिला किती काम करायला लावायचं, हे फ्लोट ठरवतो, आणि फ्लोट खाण्याने हलतो.

म्हणून यजमानांना सांगा, घराण्यात आहे म्हणूनच पथ्याला जास्त अर्थ आहे. ज्याच्या दोन्ही प्रती चांगल्या आहेत, त्याला चार दिवस जास्त खाल्लं तरी सावरायला वाव असतो. एकाच प्रतीवर भिस्त असलेल्या माणसाला तेवढी मोकळीक नसते.

आणि नेमकं याच कारणासाठी, ताई, तेल बदलून गोळी टाळता येईल या आशेवर मी तुम्हाला राहू देणार नाही. खाण्यातले सगळे बदल नीट केले, तर एलडीएल साधारण दहा-पंधरा टक्के उतरतं, काहींचं त्याहून थोडं जास्त. तुमच्या १९८चे १७० होतील. ही कमी लेखण्यासारखी गोष्ट नाही, पण तुमच्या घराण्याचा इतिहास पाहता १७० पुरेसं नाही. चांगल्या मात्रेतली स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, एलडीएल जवळपास निम्म्यावर आणू शकते, आणि ती कशी आणते ते पाहिलं तर तुमचा "गोळी की पथ्य" हा प्रश्नच उरत नाही. जपानमध्ये अकिरा एंडो यांनी १९७३ साली बुरशीतून पहिलं असं द्रव्य वेगळं केलं. ते यकृतातलं कोलेस्टेरॉल तयार होणं अडवतं. पेशीत कोलेस्टेरॉल कमी पडतं, एसआरईबीपी सुटतं, केंद्रकात जातं आणि रिसेप्टरचं जनुक जोरात चालू करतं. गोळी त्याच फ्लोटला खाली ओढते ज्याला तुमचं ताट ओढतं. एकीकडे गोळी फ्लोट खाली ओढत असताना दुसरीकडे रोज डालडा, पामतेलातलं फरसाण आणि खोबरेलात तळलेलं खाऊन तो वर ढकलत राहणं योग्य नाही. गोळी आणि पथ्य दोन्ही एकाच दिशेला ओढायला हवेत.

एलडीएल १९०च्या वर असेल तर इतर हिशेब न मांडता स्टॅटिन सुरू करावी, असं हृदयरोगाच्या प्रमुख मार्गदर्शक सूचना सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं काही केलेलं नाही. तरी गोळी सुरू करण्याआधी त्यांना विचारा की थायरॉईडची टीएसएच तपासणी झाली आहे का. थायरॉईड मंदावलं की एलडीएल वाढतं. चाळिशीतल्या बायकांत हे पुष्कळदा आढळतं, आणि ते सुधारल्यावर आकडे बदलतात. मूत्रपिंड, यकृत आणि साखर याही तपासण्या एकदा पाहून घ्याव्यात. गर्भधारणेची शक्यता असेल तर तेही मोकळेपणाने सांगायचं, कारण त्या काळात स्टॅटिन सहसा देत नाहीत. गोळीने स्नायू दुखले तर आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगायचं. मात्रा किंवा गोळी बदलता येते. मनात अजूनही धाकधूक असेल, तर डॉक्टरांशी बोलून सहा-आठ आठवडे मनापासून पथ्य करा, पुन्हा रक्त तपासा, आणि मग ठरवा. पण ही मुदत त्यांच्याशी बोलूनच घ्या. कपाटातल्या गोळीवर वर्षं जाऊ देऊ नका.

भाच्याबद्दल. तो तुमच्या काळजीपोटी पाठवतोय, त्याला दुखवू नका. पण त्या व्हिडिओंत ज्या पुराव्यांचा दाखला देतात, ते थोडे उलगडून पाहू.

प्रशांत महासागरातल्या टोकेलाऊ आणि पुकापुका बेटांचा दाखला नेहमी येतो. न्यूझीलंडच्या आयन प्रायर आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. टोकेलाऊचे लोक जवळपास ६३ टक्के ऊर्जा नारळातून मिळवत होते आणि तरी त्यांच्यात हृदयविकार फारसा नव्हता. एवढं खरं आहे. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की पुकापुकाला, जिथे नारळ सुमारे ३४ टक्के होता, तिथल्या लोकांपेक्षा टोकेलाऊच्या लोकांचं कोलेस्टेरॉल ३५ ते ४० मिलिग्रॅमने जास्त होतं. नारळ वाढला तसं कोलेस्टेरॉल वाढलं. ती माणसं मासे खात, कंद आणि बेटावर पिकणारी फळं खात, साखर जेमतेम, आणि दिवसभर अंगमेहनत. आपण डोंबिवली ते सीएसएमटी लोकलने जातो, संध्याकाळी बिस्किटं बुडवून गोड चहा पितो, आणि त्या बेटांतली फक्त एक गोष्ट उचलतो.

दुसरा मुद्दा एचडीएलचा. खोबरेल तेलाने चांगलं कोलेस्टेरॉल वाढतं, असं व्हिडिओत सांगतात. वाढतं, हे बरोबर आहे. २०२० साली १६ चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात असं दिसलं की इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने एचडीएल सरासरी ४ मिलिग्रॅमने वाढलं, पण एलडीएलही १० मिलिग्रॅमने वाढलं. आणि एचडीएल नुसतं वाढवून हृदय वाचतं, ही आशा औषधांच्या चाचण्यांत फोल ठरलीय. टोरसेट्रापिब नावाचं औषध एचडीएल चांगलंच वाढवत होतं, पण ते घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाल्याने २००६च्या डिसेंबरमध्ये ती चाचणी थांबवावी लागली. त्यामुळे तुमच्या बाबतीत एलडीएलच्या आकड्यावरच लक्ष ठेवायचं.

लाकडी घाण्याचं म्हणून तेल वेगळं होतं का, हेही बरेच वाचक विचारतात. वास आणि चव नक्की चांगली असते. पण नारळाच्या तेलात सुमारे ९० टक्के चरबी संपृक्तच असते, घाणा लाकडी असो वा लोखंडी.

म्हणजे नारळ घरातून हद्दपार करायचा का? मालवणी घरात असं सांगणाऱ्याचं कुणी ऐकणार नाही, आणि त्याची गरजही नाही. आकडे पाहा. एलडीएल उतरवायचं असेल तर संपृक्त चरबी एकूण ऊर्जेच्या ६ टक्क्यांच्या खाली ठेवा, असं अमेरिकन हार्ट असोसिएशन सांगते. तुमच्या वयाची, बेताची धावपळ असलेली बाई दिवसाला १८०० कॅलरी खाते असं धरलं, तर ते सुमारे १२ ग्रॅम होतात. खोबरेल तेलाचा एक मोठा चमचा, म्हणजे १४ ग्रॅम, यातच तेवढी संपृक्त चरबी असते. दिवसाचं सगळं खातं एका चमच्यात संपलं, आणि दूध, चहा, चिकन यांचा अजून हिशेबच नाही. ओल्या खोबऱ्याचं मात्र तसं नाही. १०० ग्रॅममध्ये साधारण ३३ ग्रॅम चरबी असते, शिवाय तंतू असतात, आणि चार माणसांच्या कालवणात वाटप विभागलं जातं.

म्हणून सासूबाईंशी बोलताना भांडण तेलापुरतंच ठेवा. फोडणीचं आणि तळणीचं तेल शेंगदाण्याचं करा, अधूनमधून करडईचं. शेंगदाण्याच्या तेलात संपृक्त चरबी जेमतेम पाचवा हिस्सा असते, करडईच्या त्याहूनही कमी. नारळ वाटपात राहू द्या, पण एका नारळाच्या जागी अर्धा, आणि उरलेला दाटपणा धने-बडीशेप भाजून, भाजलेल्या कांद्याने आणा. ज्या एका पदार्थाला खोबरेलाचा वास हवाच असं त्यांना वाटतं, त्यावर शेवटी चमचाभर कच्चं तेल फिरवू द्या, आठवड्यातून एखादवेळी. माझा अनुभव असा आहे की "बंद" म्हटलं की घरातली वडीलधारी माणसं हट्टाला पेटतात, आणि "हे एवढंच, इथेच" म्हटलं की ऐकतात. शिवाय त्यांचा मुलगा आणि नात त्याच ताटात जेवतात. सुनेसाठी म्हणून नव्हे, नातीसाठी म्हणून सांगा.

तेलाच्या नव्या डब्यावर किंवा पिशवीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहायची सवय लावा. आपण तेल किती खातो याचा अंदाज बहुतेक घरांत चुकीचा असतो, तारीख लिहिली की खरा आकडा समोर येतो. चार माणसांच्या घरात महिन्याला अडीच-तीन लिटरच्या वर तेल जात असेल, तर तेल कुठलं यापेक्षा किती हा प्रश्न आधी सोडवायला हवा.

आता तुमचे ट्रायग्लिसराइड २०५ आहेत, त्याबद्दल फारसं कुणी बोललेलं दिसत नाही. तिथे दुसरी चूक होण्याचा धोका आहे. तेल कमी केलं म्हणून माणसं दोन वाट्या भात जास्त घेतात, पोळीऐवजी खारी-टोस्ट खातात, उपवासाला साबुदाणा. एसआरईबीपीचाच एक भाऊबंद आहे, तो यकृतात नवी चरबी तयार करणारी जनुकं चालू करतो, आणि त्याला चालना देतं इन्शुलिन. म्हणजे साखर, मैदा, पांढरा भात सपाटून खाल्ला की यकृत स्वतःच चरबी बनवून ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात सोडतं. आपल्याकडे ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी असं चित्र घरोघरी दिसतं, त्यात याचा वाटा मोठा आहे. संपृक्त आणि ट्रान्स (डालड्यासारख्या हायड्रोजनेटेड तेलातली) चरबीही इथे हातभार लावते. बॉस्टनमधल्या ब्रूस स्पीगलमन यांच्या गटाने २००५ साली उंदरांवर दाखवलं की या चरबीमुळे यकृतात पीजीसी-१-बीटा नावाचं प्रथिन वाढतं, ते एसआरईबीपीला साथ देतं, आणि चरबी बनवणं आणि ती रक्तात सोडणं दोन्ही वाढतं. उंदरांवरचं संशोधन आहे हे लक्षात ठेवूनच ते वाचायचं. तरीही नुसती चरबी रक्त कशी बिघडवते याची एक साखळी त्यातून स्पष्ट दिसली.

मालवणी घराला इथे एक मोठी देणगी आहे. बांगडा आणि तारली. या माशांच्या तेलातली ओमेगा-३ मेदाम्लं चरबी बनवणारी ती जनुकं मंदावतात, आणि पीपीएआर-अल्फा नावाच्या दुसऱ्या स्विचमधून चरबी जाळणारी जनुकं चालू करतात. ट्रायग्लिसराइडसाठी देतात त्या फायब्रेट गोळ्याही याच पीपीएआर-अल्फावर काम करतात. मात्र रव्यात घोळवून, आदल्या दिवशीच्या उरलेल्या तेलात तळलेला बांगडा म्हणजे हा फायदा अर्धा घालवणं. त्यापेक्षा तिरफळं आणि सोलं घालून केलेलं तिखलं करा, आठवड्यातून दोनदा. त्याला तेल चमचाभर पुरतं. सोलकढीच्या जागी कधी नारळाच्या रसाशिवायची फुटी कढी करा. कुळथाची पिठी, चवळी, भेंडी, ओट्स, रात्री पाण्यातून इसबगोल हेही वाढवा. यातले चिकट, विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतात, यकृताला नवं पित्त बनवायला कोलेस्टेरॉल खर्चावं लागतं, आणि फ्लोट पुन्हा खाली येतो. दिवसाला ५ ते १० ग्रॅम विद्राव्य तंतूंनी एलडीएल साधारण पाच टक्के उतरतं. बेकरी आणि फरसाणाचं पाकीट घेताना मागे पाम ऑइल किंवा हायड्रोजनेटेड लिहिलंय का ते पाहा. भारतात १ जानेवारी २०२२पासून ट्रान्स चरबीवर २ टक्क्यांची मर्यादा आली हे चांगलं झालं, पण पामतेलात निम्मी संपृक्त चरबी असते आणि त्यावर तशी मर्यादा नाही. जेवणानंतर अर्धा तास चालणं हे ट्रायग्लिसराइडसाठी फार उपयोगी आहे, हे तुम्हाला माहीतच असेल.

अंडी खावीत का, अशीही एक ओळ तुमच्या पत्रात आहे. अन्नातल्या कोलेस्टेरॉलचा परिणाम संपृक्त चरबीपेक्षा कमी असतो, आणि माणसागणिक फार वेगळा असतो. आठवड्यातून चार-पाच अंडी उकडून खायला हरकत नाही. आकडे उतरले नाहीत तर पिवळा बलक कमी करून पाहता येईल.

माणसागणिक फरक पडतो म्हणून "तुमच्या डीएनएनुसार आहार" सांगणारी किट हल्ली विकायला आलीत. त्यावर पैसे घालू नका. तुमच्या जनुकांना तुमचं ताट काय सांगतंय, हे पाहायचा स्वस्त मार्ग तुमच्याकडे आहेच: पथ्यात बदल करा, सहा-आठ आठवडे थांबा, त्याच लॅबमध्ये, रात्रीच्या जेवणानंतर बारा तास काही न खाता, पुन्हा लिपिड प्रोफाइल. लग्नाच्या पंगतीनंतर किंवा तापातून उठल्यावर तपासणी करू नका. एक जास्तीची तपासणी मात्र सांगते, लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच रक्तातला एक कण), आयुष्यात एकदाच. ती पातळी जवळपास पूर्णपणे जन्मजात असते आणि खाण्याने फारशी हलत नाही. तुमच्या घराण्याचा इतिहास पाहता ती माहीत असणं डॉक्टरांना उपयोगी पडेल. एलडीएलच्या विकाराची जनुकीय तपासणी करायची का, हेही त्यांनाच विचारा. ती झाली नाही म्हणून उपचार अडत नाहीत.

राहिली तुमची लेक. तुम्हाला तो विकार असेल, तर तिच्यात तो येण्याची शक्यता निम्मी आहे. म्हणजे नसण्याचीही निम्मी आहे. तिची लिपिड तपासणी या महिन्यातच करून घ्या, चौदाव्या वर्षी ती करता येते. एलडीएल जास्त निघालं तरी घाबरू नका. वयाच्या पन्नाशीत कळणं आणि चौदाव्या वर्षी कळणं यात धमन्यांच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. पीसीएसके-९ नावाचं एक प्रथिन आहे, ते रिसेप्टर नष्ट करतं. काही माणसांत जन्मतःच त्याच्या जनुकाची एक प्रत निकामी असते. डॅलसच्याच हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांनी २००६ साली दाखवलं की अशा कृष्णवर्णीय अमेरिकनांचं एलडीएल जन्मापासून सरासरी २८ टक्केच कमी होतं, पण त्यांच्यात हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी झाला. थोडं उतरलेलं एलडीएल लवकर सुरू होऊन वर्षानुवर्षं टिकलं, तर त्याचा फायदा असा साठत जातो. गरज लागली तर मुलांनाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध देतात. पण तिला "तुझ्यात खोट आहे" असं कधी वाटू देऊ नका. तिला बांगड्याचं तिखलं करायला शिकवा, आणि घरातलं तेल सगळ्यांसाठी बदला, तिच्या एकटीसाठी नको.

तपासणीचं भावाच्या मुलांनाही सांगा. भाऊ कदाचित म्हणेल, "मला झालं तेवढं पुरे, पोरांना कशाला भीती घालतेस?" त्याला डॉक्टरांकडे बरोबर घेऊन जा आणि त्याच्या मुलांचे रिपोर्ट तुमच्या रिपोर्टांसोबतच दाखवा. तुमच्या आईच्या लिपिडची तपासणी झाली नसेल, तर तीही करून घ्या. कुठली बाजू कशी आहे हे कळलं की डॉक्टरांना पुढचं ठरवणं सोपं जातं.